रविवारी रात्री चालणारा कारखाना

१

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही बारा वर्षांचे आहात. पहाटेच्या एसटीने मालेगावहून निघालात, नाशिकला द्वारका चौकात उतरलात आणि शेअर रिक्षाने मुंबई नाक्यापर्यंत आलात. मोठ्या बहिणीची एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत आहे आणि अम्मीने तुम्हाला सोबत म्हणून धाडलं आहे. सकाळी साडेनऊपासून तुम्ही तळमजल्यावरच्या सोफ्यावर बसून आहात. एसी असा की बोटं गार पडली आहेत. समोरच्या भिंतीवरची सगळी चित्रं तीन-तीनदा पाहून झाली आहेत.

दुपारी अडीच वाजता बहीण जिन्यावरून खाली येते. तिच्या हातात एक कागद आहे. त्यावर छापलेलं आहे : ‘मी दुसऱ्या उमेदवाराच्या प्रोग्रॅमची नक्कल केली, हे मला मान्य आहे.’ खाली सहीसाठी रेघ आहे. रेघेखाली तिचं नाव आधीच टाइप केलेलं आहे.

आता सांगा, तुम्ही काय कराल?

या गोष्टीतल्या मुलीचं नाव सितारा. ती सातवीत होती. तिच्या बहिणीचं नाव रुखसार. मालेगावात यंत्रमागांच्या गल्लीत राहून, मागांच्या खडखडाटात अभ्यास करून ती इंजिनिअर झाली होती. रुखसार रडत नव्हती. तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता.

“आपा, काय झालं?”

“चोर ठरवलं मला,” रुखसार म्हणाली. दोघी घरी उर्दूत बोलत, तशाच त्या आताही बोलत होत्या. “माझाच प्रोग्रॅम मीच चोरला म्हणे.”

तिच्या मागोमाग मनीषा मॅडम उतरल्या. कंपनीतली भरती त्या बघत. इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर खूप काळजी असल्यासारखं हसू.

“हे बघ रुखसार, तुझ्या भल्याचं सांगते. साडेचारला भाग्यश्री मॅडम येतील. कंपनी त्यांची आहे, शेवटची मुलाखत त्याच घेतात. त्यांच्यापर्यंत हे प्रकरण गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तू सही कर, नाव मागे घे आणि घरी जा. कॉलेजला मी काही कळवणार नाही.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर कॉलेजला मेल जाईल. मग कुठली कंपनी तुला दारात उभी करते ते बघू.” मॅडमनी घड्याळ पाहिलं. “चारपर्यंत वेळ देते. ही कोण, बहीण का? बाळा, तू समजाव तिला.”

सिताराने मान वर केली. “समजावते,” ती म्हणाली. “पण आधी मला समजू द्या. तो प्रोग्रॅम दाखवाल?”

२

मॅडम हसल्या. सातवीतल्या पोरीला कागद दाखवायला काय हरकत, असं त्यांना वाटलं असावं. हीच त्यांची पहिली चूक. मोठ्या माणसांना वाटतं, मुलं कागदाकडे नुसतं बघतात. मुलं वाचतातही.

त्या दिवशी तिघांची परीक्षा होती. रुखसार, नाशिकचा स्वराज आणि मनमाडची चैताली. वरच्या मजल्यावर एका खोलीत तीन मशीन. वेळ दहा ते एक. प्रश्न एकच : एका कारखान्यात दोन पाळ्या चालतात, दिवसाची सकाळी सात ते संध्याकाळी सात आणि रात्रीची संध्याकाळी सात ते सकाळी सात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, वार तुम्ही ठरवा. मालाची ऑर्डर कधी पूर्ण होईल हे सांगणारा प्रोग्रॅम लिहा आणि त्यातून एका आठवड्याचा तक्ता छापून दाखवा.

मॅडमनी दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले.

रुखसारच्या तक्त्यात होतं : गुरुवार दिवस चालू, गुरुवार रात्र बंद, शुक्रवार दिवस बंद, शुक्रवार रात्र चालू.

स्वराजच्या तक्त्यात होतं : शनिवार दिवस चालू, शनिवार रात्र बंद, रविवार दिवस बंद, रविवार रात्र चालू.

“बाकीचा प्रोग्रॅम ओळीला ओळ सारखा,” मॅडम म्हणाल्या. “नावं तेवढी वेगळी. स्वराजने दिला बारा वाजून पाच मिनिटांनी. हिने दिला बारा पन्नासला. मग कोणी कोणाचा घेतला?”

“मी दोनदा तपासून देते. म्हणून उशीर झाला,” रुखसार दात आवळून म्हणाली.

“असेल. पण त्याचा रविवार होता, तू शुक्रवार केलास. तुमच्यात शुक्रवार असतो ना? तेवढंच तुझ्या डोक्यातलं.”

हे वाक्य पुन्हा वाचा, मुलांनो. असं वाक्य हसत हसत बोललं जातं, म्हणून ते कमी घाण होत नाही. सिताराच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. उठावं आणि ते ओळखपत्र ओढून काढावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. तिने तक्त्यांवरचे शब्द मनात पाठ केले.

मॅडम केबिनकडे गेल्या. कागद टेबलावर राहिला, शेजारी पेन.

“देते सही,” रुखसार एकदम म्हणाली. “अजून दोन कंपन्या यायच्या आहेत कॉलेजात. मेल गेला तर त्याही गेल्या. अब्बांना काय सांगू मी?”

“चोरी केलीस का?”

“सितारा!”

“नाही ना? मग त्यांना चारपर्यंत थांबू दे. मला पण तेवढाच वेळ हवा.”

३

रागावलेल्या माणसाला नीट विचार करता येत नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. सितारा अतिशय रागावली होती आणि तिचं डोकं इतकं स्वच्छ कधीच चाललं नव्हतं.

“मशीन सोडून कधी उठली होतीस?”

“एकदाच. अकरा चाळीसला खाली बोलावलं. तू होतीस की.”

सिताराला आठवलं. आपा फाइल घेऊन खाली आली होती, कुरकुरत. कागदपत्रं सकाळीच पाहून झाली होती, वर शिक्काही मारला होता. मग पुन्हा कशाला? दोघी मनीषा मॅडमच्या केबिनसमोर वीस मिनिटं उभ्या होत्या. केबिनला कुलूप होतं. शेवटी ऑफिसातल्या गोटीराम काकांनी येऊन सांगितलं की आता जा, मॅडम नंतर बघतील.

“उठताना मशीन उघडं ठेवलं होतंस?”

“वेडी का काय? कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवतात. दोन बटणं दाबली, निळा पडदा आला. पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही.”

“आणि पासवर्ड?”

“सकाळी मॅडमनी चिठ्ठी दिली होती. प्रत्येकाची वेगळी. माझी फाइलमध्ये होती.”

“म्हणजे वीस मिनिटं ती चिठ्ठी माझ्यासमोरच होती,” सितारा म्हणाली आणि उठली.

गोटीराम काका हरसूलकडचे. ऑफिसात चहा, पाणी, निरोप, सगळं तेच करत. ते मागच्या मोरीत कप विसळत होते.

“काय गं पोरी, भूक लागली का? बिस्किट हाय.”

“नको काका. आपाला अकरा चाळीसला खाली कोणी बोलावलं होतं?”

“मॅडमनी. म्हनल्या, त्या मालेगावच्या पोरीला कागदं घिऊन खाली धाड.”

“हे त्या कुठे उभ्या राहून म्हणाल्या?”

काकांचा हात कपात थांबला. “कुठं म्हंजी?”

“केबिनला तर कुलूप होतं.”

“आसंल. मी निरोप्या मानूस, बाई. निरोप आला, दिला.”

“बरं. मग दुपारी तुम्ही ते कुलूप काढलंत, आतून निळ्या पिशवीतला डबा आणलात आणि स्वराजदादाला दिलात. तो कोणाचा डबा होता?”

काकांनी नळ बंद केला.

“लय बघतीस गं तू.”

“सकाळपासून मला दुसरं काम काय होतं?”

“मॅडमच्या बहिनीचा पोरगा हाय त्यो,” काका खालच्या आवाजात म्हणाले. “पर हे मी बोललो नाय. माझी दोन लेकरं शिकत्यात इथं. मला यात वढू नको.”

“मॅडम वर होत्या का, काका? तेवढंच सांगा.”

गोटीराम काकांनी ओले हात पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“कप फुटंल माझा,” ते म्हणाले. “जा तू.”

४

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. स्वराज सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलवर खेळ खेळत होता. सितारा त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“काय गं? ताईने केली का सही?”

“अजून नाही.”

“करायला सांग. आणि पुढच्या वेळी स्वतःच्या डोक्याने लिही म्हणावं.”

सिताराने आतून गाल चावला. “दादा, तुम्हाला कारखान्याचं इतकं कसं माहीत? मला तर प्रश्नच कळला नाही.”

कौतुक ऐकलं की काही माणसं फुलतात. स्वराजने मोबाइल खाली ठेवला. “माझे बाबा अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहेत. लहानपणापासून बघतोय पाळ्या.”

“मग तुम्हाला सोपं गेलं असेल. रविवारी सुट्टी त्यांना?”

“रविवारी. पण शनिवारी रात्रपाळी लागली की आमच्याकडे भांडण ठरलेलं. बाबा रविवारी सकाळी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. आईला बाहेर जायचं असतं.”

“आणि रविवारी रात्री?”

“रविवारी रात्री काय? कारखाना बंद. सगळे एकत्र जेवतो. सोमवारी सकाळी सातला भोंगा.”

सितारा हळूच उठली.

मुलांनो, इथे थांबा. मागे जाऊन दोन्ही तक्ते पुन्हा वाचा. उत्तर तिथेच आहे. सिताराला ते दिसलं, कारण दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या गल्लीत काय होतं ते तिला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नसलं तरी विचार करून सापडेल. घाई नाही.

सितारा मात्र घाईत होती. अजून एक माणूस राहिलं होतं. चैताली जिन्याखाली पाण्याच्या मशीनजवळ उभी होती. पाणी प्यायली, पुन्हा ग्लास भरला, पुन्हा प्यायली.

“ताई, तुम्ही आपाच्या शेजारी बसला होतात ना?”

“मी काही पाहिलं नाही,” चैताली लगेच म्हणाली.

“मी अजून विचारलंच नाही.”

चैतालीने ग्लास खाली ठेवला. “हे बघ, मला यात पाडू नकोस. ही माझी सातवी मुलाखत आहे. वडील मनमाडला रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. घरात आता मीच.”

“आपा उठली तेव्हा तिने मशीन उघडं ठेवलं होतं का? एवढंच सांगा.”

“नाही. बंद करून गेली. निळा पडदा आला होता.”

“म्हणजे तुम्ही बघत होतात.”

“तेवढंच बघितलं.”

“आणि मग तो पडदा कोणी काढला?”

चैतालीचे डोळे जिन्याकडे गेले. वरच्या पायरीवर मनीषा मॅडम उभ्या होत्या. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

“चार वाजायला आले,” त्या वरूनच म्हणाल्या. आता आवाजात काळजी नव्हती. “आणि तू, मुली, उमेदवारांशी बोलायचं नाही. सोफ्यावर बस. नाहीतर वॉचमनला सांगून बाहेर काढेन.”

५

सितारा सोफ्यावर बसली नाही. ती जाऊन मुख्य दारासमोर उभी राहिली. कंपनीची मालकीण त्याच दाराने येणार होती. वॉचमनने तिला दोनदा बाजूला हो म्हटलं. ती दोनदा बाजूला झाली आणि दोनदा परत आली.

ठरल्यापेक्षा आधीच, चारला पाच मिनिटं असताना पांढरी गाडी थांबली. भाग्यश्री मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, कानाला फोन.

“मॅडम, माझ्या बहिणीला चोर म्हणतात. तुम्ही पाच मिनिटं दिलीत तर चोर कोण ते मी सांगते.”

भाग्यश्री मॅडमनी फोन कानापासून दूर केला. मागून मनीषा मॅडम धावत आल्या. “सॉरी मॅडम, लहान मुलगी आहे, मी बघते—”

“पाच मिनिटं म्हणाली ना ती,” भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. “चला आत.”

भाग्यश्री मॅडमच्या काचेच्या खोलीत सगळे बसले. रुखसार, स्वराज, चैताली, मनीषा मॅडम. गोटीराम काका पाण्याचे ग्लास घेऊन आले आणि दाराशीच थांबले. सिताराला खुर्ची होती, पण ती उभीच राहिली. भाग्यश्री मॅडमनी मागवलेले दोन्ही तक्ते तिने मधोमध सरकवले.

“स्वराजदादा, तुमच्या बाबांचा कारखाना रविवारी रात्री चालू असतो का?”

“नाही. सांगितलं की मघाशी.”

“शनिवारी रात्री?”

“असतो.”

“मग तुमच्या तक्त्यात शनिवारची रात्र बंद आणि रविवारची रात्र चालू, असं का?”

स्वराजने कागद ओढला. ओठ हलले. तो जणू पहिल्यांदाच बघत होता.

“ते... प्रोग्रॅममध्ये तसं येतं,” तो म्हणाला.

“का येतं?” हा प्रश्न भाग्यश्री मॅडमचा होता.

“लॉजिक तसं आहे.”

“तेच विचारतेय. तू लिहिलंस ना? मुलाखतीत मी हेच विचारणार होते. रात्रपाळी आदल्या दिवसाला का नाही जोडलीस?”

स्वराजने कागद खाली ठेवला. भाग्यश्री मॅडम रुखसारकडे वळल्या. “तू सांगू शकतेस?”

रुखसार ताठ बसली. दुपारपासून तिला कोणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

“आमच्या गल्लीत माग गुरुवारी संध्याकाळी थांबतात, मॅडम. आमच्यात सूर्य मावळला की पुढचा वार लागतो. गुरुवारची रात्र ही जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारचीच रात्र. शुक्रवारी सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की माग परत सुरू होतात. म्हणून मी रात्रपाळी दुसऱ्या दिवसाला जोडली. सुट्टीचा वार आला की आधीची रात्र आणि तो दिवस, दोन्ही बंद. ती अट चौदाव्या ओळीत आहे. रविवार धरणाऱ्या कारखान्याला ही अट लागू होत नाही. तिथे ती उलटी करावी लागेल.”

“त्याने वार बदलला,” सितारा म्हणाली. “रात्र बदलायची असते हे त्याला माहीतच नव्हतं. मनीषा मॅडम म्हणाल्या, आपाने रविवारचा शुक्रवार केला. तसं असतं तर आधी याचा रविवारचा तक्ता बरोबर असायला हवा होता. तिचा बरोबर आहे. चुकीचा याचा आहे.”

तुम्हाला सापडलं होतं ना हे? शाबास. पण अजून अर्धंच कोडं सुटलं होतं.

“ठीक आहे,” मनीषा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण जीभ चालत होती. “मुलाने शेजारच्या स्क्रीनवर डोकावलं असेल. चूक आहे. काढून टाकू त्याला.”

“डोकावून ओळीला ओळ?” सितारा म्हणाली. “आणि डोकावणार कशात? पडदा बंद होता. चैतालीताईंनी पाहिलं. तो पडदा उघडायला पासवर्ड लागतो. आपाची चिठ्ठी फाइलमध्ये होती, फाइल आपाच्या हातात आणि आपा माझ्यासमोर. स्वराजदादाला पासवर्ड माहीत नव्हता. चैतालीताईंना नव्हता. गोटीराम काकांना नव्हता. चिठ्ठ्या लिहिल्या तुम्ही.”

“काहीतरीच काय! मी तर वर गेलेच नाही. अकरा ते साडेबारा माझ्या केबिनमध्ये होते.”

“कुलूप बाहेरून लावून?”

मनीषा मॅडमनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

“पाहिलेले कागद परत बघायला म्हणून तुम्ही आपाला खाली बोलावलंत. आम्ही वीस मिनिटं त्या कुलपासमोर उभ्या होतो, मॅडम. मी त्याच्यावरचा नंबरसुद्धा वाचत बसले होते. आत तुम्ही नव्हता, तुमच्या भाच्याचा डबा होता.”

“भाचा?” भाग्यश्री मॅडमनी हळू विचारलं.

“ही पोरगी वाट्टेल ते—”

“मॅडम वर आल्या होत्या,” कोणीतरी म्हणालं. चैताली होती. ती टेबलाकडे बघत बोलत होती. “रुखसार गेल्यावर आल्या. मशीनला अपडेट टाकायचंय म्हणाल्या. तिच्या खुर्चीवर बसल्या, पासवर्ड टाकला, पेन ड्राइव्ह लावला. मग तो स्वराजच्या मशीनला लावला. मी बघितलं आणि गप्प बसले.”

“म्या बी,” दारातून गोटीराम काका म्हणाले. “जिन्यावरनंच निरोप दिला होता मला.”

रुखसार उठली. आता ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉलेजातले सर होते, मुलांना नोकरी मिळवून देण्याचं काम बघणारे. खोली इतकी शांत होती की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“रुखसार, काय केलंस तू हे? कंपनीचा मेल आलाय. यापुढे तुझं नाव मी कुठेच पाठवू शकत नाही.”

६

मेल दोन पन्नासला गेला होता. म्हणजे चारपर्यंतचा वेळ, सही केलीस तर कळवणार नाही, तुझ्या भल्याचं सांगते, सगळं खोटं होतं. मालकीण येण्याआधी कबुलीचा कागद हातात हवा होता, एवढंच. बारा वर्षांची मुलगी तासभर याला-त्याला विचारत फिरत होती तेव्हा तिच्या बहिणीचं नाव आधीच काळं करून झालं होतं.

मला इथे शांतपणे सांगता येत नाही, मुलांनो, आणि मी प्रयत्नही करणार नाही.

“मनीषा, तू बाहेर थांब,” भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. “स्वराज, तू घरी जा.” दार लागल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी कपाळ चोळलं. “रुखसार, मला खरंच वाईट वाटतंय. तुझी मुलाखत आत्ता घेते. चौदाव्या ओळीचं जे सांगितलंस, तसं सांगणारी माणसं मला हवीच आहेत. चैताली, तुझीही घेते. फक्त ही गोष्ट बाहेर जायला नको. नाशिक छोटं आहे. आमच्याकडे मोठी गिऱ्हाइकं आहेत.”

“आणि कॉलेजचा मेल?” रुखसारने विचारलं.

“सोमवारी करू ना दुरुस्त. आज शनिवार आहे, तिकडे आता कोण वाचणार?”

“सरांनी वाचला,” रुखसार म्हणाली. “शनिवारीच वाचला. त्यांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकला असेल एव्हाना.”

“अगं, मी शब्द देतेय तुला. सोमवारी मी स्वतः बघते. नीट शब्द लावावे लागतात अशा गोष्टींना, वकिलांना विचारावं लागतं. आधी मुलाखत देऊन टाक. बस.”

रुखसारने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ती नोकरी तिला हवी होती. पहाटे चारला उठून, केस विंचरून, नवे सँडल घालून ती त्याच खुर्चीसाठी आली होती.

“मला चोर म्हणायला वकील लागला नव्हता, मॅडम,” ती म्हणाली. “मेल गेल्याशिवाय मी बसणार नाही.”

“बस सुटेल गं तुमची अशाने.”

“सुटू दे.”

भाग्यश्री मॅडमनी मदतीसाठी सिताराकडे पाहिलं. लहान मूल समजूतदार असतं, आपलं ऐकेल, असं मोठ्यांना शेवटी शेवटी वाटू लागतं.

“तू तरी सांग तिला, बाळा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

सितारा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे भाग्यश्री मॅडमचा लॅपटॉप उघडा होता आणि मागे त्यांची मोठी काळी चाकांची खुर्ची. सितारा त्या खुर्चीत चढून बसली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिने खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड जवळ घेतला.

“आपा, सरांचा ईमेल सांग.”

रुखसारने सांगितला. भाग्यश्री मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

मराठी अक्षरं कुठल्या बटणावर असतात हे सिताराला माहीत नव्हतं. कोणाला विचारलंही नाही. तिने एक बोट वर उचललं आणि सगळ्यांच्या देखत, एकेक बटण दाबून, चुकलं की खोडून, ती लिहू लागली : ‘माझ्या बहिणीने चोरी केलेली नाही. चोरी कोणी केली ते खाली लिहीत आहे.’